आईचं गावातलं घर विकायचं आहे. दलालाशिवाय होतं का?

सागवानी दार · रविवार, रात्री

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं घर आहे. कवेलूचं, पुढे ओसरी, मागे गुरांचा कोठा आणि एक विहीर. बाबा गेल्यावर आई चार वर्षं तिथे एकटी राहिली. मग गुडघ्यांनी साथ सोडली, तिला मी नागपूरला आणलं आणि घराला कुलूप लागलं. कुलूप लागलेल्या मातीच्या घराचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. दुसऱ्याच पावसाळ्यात मागची भिंत बसली. म्हणून विकायचं ठरवलं.

ठरवून पंधरा दिवस झाले नसतील, तोच फोन आला. गावातलाच माणूस, बाबांच्या उठण्याबसण्यातला. आधी कापसाची खेडा खरेदी करायचा, आता जागाजमिनीचं बघतो. म्हणाला, "नऊ लाखाच्या वर एक रुपया यायचा नाही. गिऱ्हाईक मी आणतो, मला दोन टक्के द्या." मी हो म्हटलं. दोन महिन्यांनी आईच्या मावसबहिणीकडून कळलं की तो आमच्याच घराचे बारा लाख सांगत फिरतो आहे. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "तुम्हाला नऊ पाहिजे होते ना? वरचं माझं."

त्या रात्री मला झोप आली नाही. तीन लाखांचं दुःख आहेच, पण हा माणूस आमच्या ओसरीवर बसून आईच्या हातचा चहा प्यायलेला आहे.

त्याला नको म्हणून सांगितलं आणि दिवाळीत स्वतः चार दिवस गावात जाऊन राहिलो. दारावर पाटी लावली. येणारे आले, चहा घेतला, आईचे गुडघे विचारले, माझ्या पोरांच्या शाळा विचारल्या. घराचा भाव एकानेही विचारला नाही. मी नागपूरला परत आलो आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला की सख्ख्या चुलत्याला घर पाहिजे, दहा देतो. निरोप आणणारा कोण, तर तोच दलाल.

आता मला खरंच कळत नाही. ज्याच्यावर विश्वास उरला नाही, त्याच्याशिवाय माझा चुलता माझ्याशी बोलत नाही. तुमच्याकडे असंच आहे का? काय करावं?

वऱ्हाडी काकाजी · रविवार, रात्री

भाऊ, चुलता तोंडावर भाव बोलला नाई म्हून जीवाले लावून घेऊ नोका. भावकीत घराचा भाव तोंडानं काढनं म्हंजे भांडनाले आवतन देनं होय. त्यायनं दहा म्हनलं अन् तुमी नाई म्हनलं, तं उद्या लग्नात एका पंगतीत कसं बसान? म्हून मंधात मानूस लागते.

बैलबजार पायला असन तुमी. रुमालाखाली हात धरते, बोटं दाबते, भाव ठरते, पन शब्द बाहेर पडत नाई. घेनारा अन् इकनारा, दोघायची अब्रू झाकल्या जाते. घराचा दलाल बी तोच रुमाल होय. फरक इतकाच का बजारात रुमालाखाली दोघायचे हात एकमेकाच्या हातात असते. इथं दलालाचा एक हात तुमच्या हातात, दुसरा चुलत्याच्या, अन् तुमची दोघायची गाठच नाई. तुमचे तीन लाख त्याच मधल्या जागेत चालले होते.

वर्धेची लेक · सोमवार, सकाळी

दादा, तुमचं वाचून मला माझा प्रसंग आठवला, म्हणून लिहिते. आमच्या माहेरचं घर विकायचं ठरलं तेव्हा मला भावांनी सांगितलं नाही. सांगितलं दलालाने. दुपारी दारात उभा राहिला, हातात टाईप केलेलं हक्कसोडपत्र. "ताई, फक्त सही पाहिजे, नाहीतर व्यवहार अडून राहील." माझं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, वय, सगळं आधीच छापलेलं. मला पाणीही गोड लागेना. मी पैसे मागणार नव्हते. पण ज्या घरात मी जन्मले, ते विकायची बातमी मला परक्या माणसाकडून कळली.

मी सही केली नाही. दोन वर्षं बोलणं बंद होतं. नंतर भाऊ स्वतः आला, तेव्हा केली.

दलाल लोक गिऱ्हाइकाला सांगताना "पोरींचं क्लिअर आहे" असं सांगतात, जसं काही आम्ही घरावरचं कर्ज आहोत. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने बरोबरीचा हक्क आला, आणि तो हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुम्हाला बहीण आहे का? असेल तर दलालाच्या आधी तिला फोन करा.

सागवानी दार · सोमवार, दुपारी

आहे ताई, आर्णीला. तिला अजून विचारलं नाही हे खरं आहे. आईनेही दोनदा म्हटलं होतं. आज संध्याकाळी बोलतो.

नागपूरचा पोट्टा · सोमवार, दुपारी

दादा, इतकं सहन कशाला करता? फ्लॅट-प्लॉटच्या विक्रीवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा आहे ना. एजंटला नोंदणी लागते, महारेराने तर २०२३ पासून परीक्षा आणि प्रमाणपत्रही सक्तीचं केलं. तक्रार करा. आणि घराचे फोटो मोबाईलवरच्या साईटवर टाका, दलाल लागतोच कशाला?

जुना ग्रामसेवक · सोमवार, रात्री

पोरा, तुझी तळमळ बरोबर आहे, पण रेराची एजंट नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पातल्या प्लॉट-फ्लॅटच्या विक्रीसाठी आहे. पाचशे चौरस मीटरच्या वरचं लेआउट पाडून कोणी प्लॉट विकत असेल तर तिथे तो कायदा येतो. आबादीतलं, म्हणजे गावठाणातलं, एकटं जुनं घर त्यात बसत नाही. म्हणजे खेड्यातल्या घराचा दलाल कोणाकडे नोंदलेला नसतो आणि त्याच्यावर कोणाची देखरेखही नसते. लोकांच्या मनात दलालाबद्दल जी अढी आहे तिचं मूळ मला इथे दिसतं. बाजार समितीतल्या अडत्याला निदान लायसन असतं, काटा असतो, पावती द्यावी लागते.

आता सागवानी दार भाऊंसाठी. नोकरीत असताना घराचे बरेच व्यवहार माझ्या टेबलावरून गेले, आणि घोळ बहुतेक वेळा एकाच जागी झालेला असायचा. घरमालकाला स्वतःच्या घराचे कागद माहीत नसतात, ते दलालाला माहीत असतात.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, त्यात ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देतात. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून ते काढा. त्यावर क्षेत्र किती आलं ते पाहा, कारण नमुना ८ वरचं आणि मोजलेलं यात फरक निघतो आणि हाच फरक दलाल भाव पाडायला वापरतो. वडिलांचं नाव अजून असेल तर आधी वारस नोंद करा, म्हणजे आई, तुम्ही, बहीण, सगळ्यांची नावं लागतील.

भावाचं म्हणाल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ता असतो, गावाचं नाव टाकलं की सरकारी दर दिसतो. तिथल्याच ई-शोधमध्ये तुमच्या गावात झालेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक २, म्हणजे कोणी कोणाला कितीला विकलं याचा गोषवारा, बघायला मिळते, फुकट. तिथला आकडा खऱ्या सौद्यापेक्षा कमी असू शकतो, तरी "नऊच्या वर रुपया नाही" असं म्हणणाऱ्यासमोर बसायला तेवढा आधार पुरतो.

आणि सागवान वेगळं मोजा. तुमच्या घराला सागवानी खांब, मयाल, चौकटी असतील. दलाल पडकं घर म्हणून भाव करतात, घेणारा घर पाडून लाकूड घनफुटावर विकतो आणि जागा फुकटात पडते. मिस्त्री बोलावून लाकडाची मोजणी लिहून घ्या.

मेहकरचा माणूस · सोमवार, रात्री

आमच्याकडे समृद्धीच्या वेळी दलालांचं पीक आलं होतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला, पण इंटरचेंज कुठे येणार याच्या बातम्या त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून फिरत होत्या. पांढरे कपडे घातलेली, कधी न पाहिलेली माणसं गावात येऊन बसायची. सौदाचिठ्ठी करताना घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवायची, "नाव नंतर टाकू" म्हणायचं, पन्नास हजार इसार, म्हणजे बयाणा, द्यायचा आणि अकरा महिन्यांची मुदत घ्यायची. त्या अकरा महिन्यांत तोच कागद तीन हातांतून फिरायचा आणि मूळ मालक जुन्या भावाला बांधलेला. माझ्या काकांचं रस्त्याकडेचं घर असंच गेलं. त्यांना राग दलालाचा नाही आला, स्वतःचा आला, आणि ते मला जास्त लागलं.

कोऱ्या नावाच्या सौदाचिठ्ठीवर सही करू नका. मुदत दोन-तीन महिन्यांच्या वर देऊ नका.

मधला माणूस · मंगळवार, पहाटे

मी हेच काम करतो. पुसदच्या आसपासच्या खेड्यांत, सतरा वर्षं झाली. इथलं सगळं वाचलं. दिग्रसच्या भाऊंशी जे झालं ते चूक आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण आमची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

खेड्यातल्या घराला गिऱ्हाईक साईटवर मिळत नाही. ते घर घेतो कोण? शेजारी, ज्याला भिंत वाढवायची आहे. भावकीतला, ज्याच्या पोराचं लग्न ठरलं. गावात बदलून आलेला मास्तर, पण आता बहुतेक मास्तर तालुक्याला राहतात. किंवा गावात दुकान टाकणारा. अशी चार-पाच माणसं असतात. त्यांच्यापैकी कोणाकडे यंदा पैसे आहेत, कोणाची सोयाबीन बुडाली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, हे मला माहीत असावं लागतं. कापूस घरात येईपर्यंत सौदा होत नाही, दिवाळीनंतर होतो. मी एका घरासाठी पंधरा-वीस फेऱ्या मारतो. पेट्रोल माझं. भांडण झालं तर शिव्या मला. वारस नोंदीसाठी तलाठी आणि पंचायत मीच फिरतो, म्हातारीला रजिस्ट्रीच्या दिवशी गाडीत घालून मीच नेतो.

आणि मग काय होतं, तर घेणारा-विकणारा एकमेकांना भेटतात आणि मला बाजूला करतात. माझ्या दहापैकी तीन-चार सौद्यांत हे झालं आहे. "आमचं आमचं जुळलं" म्हणतात. कागद नसतो, मागायला तोंड नसतं. माझ्यासारखे कितीतरी जण म्हणूनच "वरचं माझं" करायला लागले. दोन टक्के मिळतील याचा भरवसा नाही, तर आधीच भावात काढून घ्या. हे मी कारण म्हणून सांगतो आहे, समर्थन म्हणून नाही. मी स्वतः ते दोनदा केलं आहे. त्यातल्या एका घराच्या समोरून मी अजून मान वर करून जात नाही.

काम असतं तेव्हा लोक "भाऊ" म्हणतात, झालं की "दलाल". माझ्या पोरीला शाळेत कोणी विचारलं, बाबा काय करतात, तर ती "शेती" सांगते.

वर्धेची लेक · मंगळवार, सकाळी

मधला माणूस दादा, तुम्ही खरं लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण एक विचारते. तुम्ही विकणाऱ्याकडूनही घेता आणि घेणाऱ्याकडूनही. मग तुम्ही नक्की कोणाचे? विकणाऱ्याला भाव वाढायला पाहिजे, घेणाऱ्याला उतरायला. दोघांचं मीठ खाऊन दोघांचं भलं कसं होणार?

मधला माणूस · मंगळवार, दुपारी

ताई, प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. मी दोन्हीकडून एक-एक टक्का घेतो आणि दोघांना ते सांगतो. भाव मात्र दोघांना एकच सांगतो. इतकंच माझ्या हातात आहे. गावात दोन बाजूंचे दोन दलाल परवडत नाहीत.

धानवाला, गोंदिया · मंगळवार, दुपारी

पूर्वेकडचं सांगतो. आमच्याकडे मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडे गावाची मालकी, १९५१ पर्यंत होती. जुन्या आबादीत कोण कुठे बसलं हे मालगुजाराच्या शब्दावर चालायचं. त्यामुळे कितीतरी घरांचा मूळ कागदच नाही, पिढ्यान्‌पिढ्या ताबा आहे. अशा घराचा दलाल म्हणजे चालतं बोलतं रेकॉर्ड. आमच्या गावचा म्हातारा मध्यस्थ गेला तेव्हा लोक हळहळले, कारण कोणाची हद्द कुठल्या चिंचेपर्यंत हे त्यालाच ठाऊक होतं. तो दलाली मागत नसे, धोतरजोडी आणि जेवण घ्यायचा. आज तसं कोणी करावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण लोकांच्या डोळ्यांसमोर अजून तो म्हातारा आहे आणि टक्केवारी मागणारा त्यांना त्याच्यापुढे लहान वाटतो.

जुना ग्रामसेवक · मंगळवार, रात्री

मधला माणूस भाऊंनी मुद्द्याची गोष्ट सांगितली: कागद नसतो. दोन्ही बाजू त्यातच मरतात.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात मध्यस्थाबद्दल, म्हणजे अभिकर्त्याबद्दल, एक अख्खं प्रकरण आहे. अभिकर्त्याने हिशोब दिला पाहिजे (कलम २१३). मालकाला न सांगता त्याने स्वतःच्या फायद्यासाठी व्यवहार केला तर तो फायदा मालक मागू शकतो (कलम २१६). "वरचं माझं" हे न सांगता केलं तर मालकाला दाद आहे. पण त्यासाठी तो तुमचा अभिकर्ता होता हे दाखवता आलं पाहिजे. एक पान पुरतं. घर कोणतं, दलाली किती आणि कधी, आलेला प्रत्येक भाव दोघांना सांगायचा, मुदत किती. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.

मुखत्यारपत्र मागितलं तर देऊ नका. "तुम्ही नागपूरला, कशाला चकरा मारता" असं म्हणून मागतात. नोंदणीकृत खरेदीखत न करता नुसत्या मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी जात नाही असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलं आहे, पण तोवर तुमची दहा वर्षं कोर्टात जातात.

इसार रोखीत वीस हजार किंवा त्याहून जास्त घेऊ नका. आयकर कायद्यात त्याला मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका, तोही घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर. दलाल सांगतो "सगळे असंच करतात". नोटीस मात्र त्याच्या नावाने येत नाही. आणि खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नसतो म्हणून घरालाही नसेल असं समजू नका. घर वेगळं. आधी सीएला विचारा.

घर चुलतीच्या नावाने घेतलं तर बाईमाणसाला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, तीस हजारांच्या वर नाही. हे चुलत्याला सांगा, भाव दोन पावलं पुढे सरकायला मदत होईल.

वऱ्हाडी काकाजी · मंगळवार, रात्री

साहेब, हे लय कामाचं सांगतलं. म्या माह्या आयुष्यात तीन घरं इकली, एका बी दलालाले कागद मागतला नाई. लाज वाटे. ओळखीच्या मानसाले कागद मागनं म्हंजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखोनं वाटे. पन साळ्याले कापूस मोजून देताना तं आपन काट्यापाशी उभं रायतोच ना.

सागवानी दार · तीन आठवड्यांनंतर, शनिवार

उशीर झाला, पण तुमच्यामुळे झालं ते सांगायला आलो.

बहिणीला त्याच संध्याकाळी फोन केला. ती आधी काही बोलली नाही, मग रडली. मग म्हणाली, "मला वाटा नको, मला ओसरीवर एक रात्र झोपायचं आहे." आम्ही तिघं, आई, ती आणि मी, दोन दिवस गावात राहिलो. वाट्याचं मी नंतर पुन्हा विचारलं. तिचा वाटा तिच्या खात्यात जाणार आहे, ती नाही म्हणाली तरी.

नमुना ८ वर क्षेत्र कमी होतं, मालमत्ता पत्रकावर दीडशे चौरस फूट जास्त निघालं. मिस्त्रीने लाकूड मोजलं, त्याचीच किंमत लाखाच्या वर गेली.

मग मी त्या दलालाकडे स्वतः गेलो. मधला माणूस भाऊंचं वाचलं नसतं तर गेलो नसतो. कागद पुढे ठेवला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "तुमच्या बाबांनी माझ्याकडून कधी कागद घेतला नसता." मी म्हटलं, बाबांना तुम्ही कधी बारा-नऊ केलं नसतं. बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग त्याने एक अट घातली: चुलत्याने आणि मी त्याला वगळून वर्षभरात परस्पर सौदा केला तरी त्याची दलाली त्याला मिळाली पाहिजे. मला ती अट रास्त वाटली. कागदावर लिहिली. त्याने सही केली, साक्षीदार म्हणून शाळेचे निवृत्त हेडमास्तर.

भाव अकरा लाख साठ हजारांवर ठरला. चुलता अजूनही माझ्याशी भावाचं बोललेला नाही. पण परवा कागदावर दोघांच्या समोर आकडा लिहिला गेला तेव्हा तो समोर बसला होता, आणि तो आकडा त्याने माझ्याकडे बघून वाचला. घर काकूच्या नावाने होणार आहे.

आईने एकच मागितलं होतं, ओसरीचं सागवानी दार. नागपूरच्या फ्लॅटच्या चौकटीत ते बसणार नाही. ती बाब दलालानेच चुलत्यापर्यंत नेली आणि चुलत्याने निरोप पाठवला की घर पाडलं तरी दार पाडणार नाही, नव्या घराला तेच लावणार. हे कागदात लिहायचं का, असं दलालाने मला विचारलं. मी नको म्हटलं.

रजिस्ट्री पुढच्या गुरुवारी, दिग्रसला.

मधला माणूस · शनिवार, रात्री

भाऊ, त्या कागदाचा मायना इथे टाकाल का? नावं काढून. मला माझ्या पुढच्या घरासाठी पाहिजे.

सागवानी दार · शनिवार, रात्री

उद्या सकाळी टाकतो.